कोणाकडून ऐकलंत?

स्थळ : उत्तर व्हर्जिनिया, दोन परसांमधलं लाकडी कुंपण. अलीकडे काकू, पलीकडे शेजारीण.

"अगं, आहेस का घरात? काल माझ्याकडे कोण आलं होतं, ओळख."

"ती काळ्या कोटातली बाई ना? मला वाटलं इन्शुरन्सवाली."

"इन्शुरन्सवाली कसली, सरकारी! दारातच बिल्ला काढून दाखवला. कोपऱ्यावरच्या घरातल्या आपल्या त्याची चौकशी करायला आली होती. नाव नको घ्यायला, कळलं तुला."

"त्याच्या सिक्युरिटी क्लिअरन्सची? काकू, घाबरला नाहीत ना?"

"मी कशाला घाबरतेय? तिकडे पासपोर्टच्या वेळी हवालदार नाही का यायचा! दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायचा, मुलगा बरा आहे ना एवढं विचारायचा, चहा प्यायचा की निघाला. हिचं तसं नाही. दारातल्या चपलांची रांग बघून हिने मुकाट्याने बूट काढले, पण चहा नको म्हणाली. चिवड्याच्या वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. वही उघडली ती तासाभराने मिटली."

"पण तुमचं नाव तिला मिळालं कसं?"

"त्यानेच दिलेलं. ओळखीची तीन माणसं द्यावी लागतात म्हणे, आणि नात्यातली चालत नाहीत."

"हो, आमच्या ह्यांनी भरलाय ना तो फॉर्म. स्टँडर्ड फॉर्म ८६. शंभराहून जास्त पानं! १० वर्षांत कुठे राहिलात, कुठे नोकरी केलीत, सगळं लिहा. मग आईवडील, भावंडं, सासूसासरे, प्रत्येकाची जन्मतारीख. आमच्याकडे सासऱ्यांची १ जून, मोठ्या दिरांची १ जून, माझ्या बाबांचीही १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एकच तारीख लावली, हे त्या चौकशीवाल्याला पटवून देताना ह्यांना घाम फुटला."

"गुरुजींना काय स्वप्न पडलं होतं, पोरं उद्या क्वांटिकोतल्या चौकशी खात्याच्या कागदांत जातील म्हणून! आणि सातबाऱ्याचंही विचारतात ना गं?"

"तर! गावच्या सातबाऱ्यावर नाव असेल तर ती परदेशातली मालमत्ता. आईला महिन्याला पैसे पाठवता, तेही लिहा. परदेशात आईबाप असणं हा गुन्हा नाही हो, पण त्यांच्या आडून कोणी ह्या माणसावर दाब आणू शकेल का, ते बघतात. १३ कलमं आहेत त्यांची. दारू, पैसा, परदेशातले लागेबांधे, एकेक करून सगळं तपासतात आणि शेवटी अख्खा माणूस बघून ठरवतात. २०१९ पासून बहुतेक चौकशा त्या क्वांटिकोच्याच खात्याकडे आहेत. बरं, तुम्हाला काय काय विचारलं?"

"कधीपासूनची ओळख, किती वेळा भेटता, इथून सुरुवात. मग एकदम विचारते, अमेरिकेचं सरकार उलथून टाकण्याची भाषा ह्याने कधी केली का? म्हटलं बाई, ह्याला मंडळाच्या गणपतीत आरतीची वेळ बदलता आली नाही."

"हसली?"

"ओठ जरासे हलले. आणि लिहून घेतलं! दारूचं विचारलं. म्हटलं, दिवाळीत एखादी बिअर. गांजा? म्हटलं, छे! तरी व्हर्जिनियात २०२१ पासून चालतो ना गं?"

"राज्याला चालतो, केंद्राला चालत नाही. आणि क्लिअरन्स देणारं केंद्र."

"बघ! मी तिला स्पष्टच विचारलं, मी बोलतेय ते त्याला कळणार का? म्हणाली, १९७४ चा कायदा आहे, तो स्वतःची फाइल मागू शकतो. तुमचं नाव गुप्त ठेवा म्हणालात तर ठेवू."

"गुप्त राहिलं तर! २०१५ मध्ये ह्याच फायली चोरीला गेल्याचं उघड झालं. दोन कोटींवर माणसांची माहिती गेली."

"अगंबाई! १ जूनसकट?"

"१ जूनसकट. बरं काकू, पैशाबद्दल काय विचारलं?"

"कढीपत्ता हवाय का तुला? ह्या वर्षी कुंडी मस्त बहरलीय."

"काकू."

"विचारलं की. कर्ज आहे का, हप्ते थकलेत का. मी चांगलंच सांगितलं. मंडळाचा खजिनदार होता तेव्हाचा हिशोब मी पाहिलाय. पार्किंगची पावतीसुद्धा टाचलेली, मागे पेन्सिलीने कशासाठी ते लिहिलेलं. सुटे डॉलर उरले, तेही माझ्यासमोर पेटीत टाकले त्याने. ती म्हणाली, स्वतः पाहिलंत? म्हटलं, ह्या डोळ्यांनी. मग तिने ते सगळं लिहून घेतलं."

"मग?"

"मग काय, बोलता बोलता म्हणून गेले, मध्यंतरी ओढगस्त होती म्हणतात, गाडीसुद्धा विकली."

"काकू! अहो, बाटलीपेक्षा कर्जापायी अडतात ही कामं. देणं थकलेल्या माणसाला कोणीही विकत घेईल, अशी भीती असते त्यांना."

"मला काय ठाऊक? तिचा चेहरा हलला नाही. एवढंच म्हणाली, हे तुम्ही पाहिलंत? म्हटलं, नाही, ऐकलं. तर म्हणते, कोणाकडून?"

"कोणाकडून?"

"शेजारणीकडून."

"कोणत्या शेजारणीकडून?"

"आता माझ्या शेजारी कोण राहतं? गुरुवारी येणार आहे ती तुझ्याकडे. चारनंतर तू मोकळी असतेस, तेही सांगून टाकलं."

"मी नाही बोलणार! सक्ती आहे का?"

"सक्ती नाही, ते तिनेच सांगितलं. पण तू दार लावलंस तर ती काय समजेल? शेजारणीलासुद्धा त्याच्याबद्दल बरं बोलवत नाही!"

"अहो, पण गाडी विकली हे मला तुम्ही सांगितलंत! इथेच उभ्या राहून!"

"मी? मी म्हटलं होतं, आठवडाभर गाडी दिसत नाही त्याची, विकली की काय. 'की काय' होतं त्यात."

"आणि ओढगस्त?"

"ती तुझी. तूच म्हणालीस, अय्या, पैशाची अडचण असेल."

"असेल म्हटलं मी! आहे असं कुठे म्हटलं?"

"मग झालं तर. घाबरतेस कशाला? गुरुवारी एवढंच सांग तिला."

"आणि तिने मलाही विचारलं, तुम्ही स्वतः काय पाहिलंत, तर?"

"तू काय पाहणार? तुझ्या खिडकीतून त्याचा ड्राइव्हवे दिसतच नाही. तो माझ्या खिडकीतून दिसतो."

"पण मग काकू, आठवडाभर गाडी होती कुठे त्याची?"

"ते त्यालाच ठाऊक बाई. त्याला कुठे कोणी विचारलंय?"