अक्षरभेद न मानणाऱ्या फाइल सिस्टिमला खुले पत्र

परमकृपाळू फाइल सिस्टिम महोदय,

सा. न. वि. वि.

आपल्या औदार्याला तोड नाही. पर्ल भाषेत ‘यूज स्ट्रिक्ट’ लिहिताना कुणाच्या हातून पहिला एस कॅपिटल पडला, तर लिनक्सवर पर्ल तिथेच थांबतं: अशी फाइल नाही. आपण मात्र दारी आलेल्याला विन्मुख धाडत नाही. स्मॉल एसची फाइल बिनतक्रार पुढे करता. पूर्वी पर्ल ती वाचायचं, मग कॅपिटल नावाच्या पॅकेजात ‘इम्पोर्ट’ शोधायचं. ते नसायचं, आणि नसलं तरी पर्ल त्याबद्दल चकार शब्द काढायचं नाही. चुका पकडणारं स्ट्रिक्ट लागूच व्हायचं नाही. या शांततेबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.

शेवटी पर्लच्या कर्त्यांना स्ट्रिक्टच्या फाइलीतच तपासणी घालावी लागली: मला नेमक्या कोणत्या नावाने उघडलं? एवढा मान आपल्यालाच मिळू शकतो.

बाकीच्या बहुतेक मॉड्यूलांना हा पहारा नाही. प्रोजेक्टच्या लिब फोल्डरात कुणी स्मॉल अक्षरांत ‘जेसन.पीएम’ ठेवलं आणि शोधयादीत ते फोल्डर आधी असलं, की सीपॅनवरच्या कॅपिटल जेसनपर्यंत शोध पोहोचतच नाही. कळतं केव्हा? ‘डीकोड जेसन’ नावाचं फंक्शनच नाही, असं पर्ल सांगतं तेव्हा.

मग आम्ही पुरावा शोधतो. उघडलेल्या फाइलींची नोंद ठेवणारा ‘इंक’ हॅश छापून बघावा, तर त्यात मागितलेलंच नाव, कॅपिटलमध्ये! डिस्कवरचं खरं नाव तिथे येत नाही. साक्षीदारसुद्धा आपल्याच बाजूने बोलतो, महाराज. फोल्डरची यादी काढून अक्षर न् अक्षर ताडावं, तेव्हा कुठे चोर सापडतो.

जुन्या मॅकवाल्यांना आपला आणखी एक प्रसाद आठवत असेल. पर्लचं वेबसाठीचं एलडब्ल्यूपी बसवताना त्यातली कॅपिटल ‘हेड’ स्क्रिप्ट युनिक्सच्या ‘हेड’ कमांडवरच जाऊन बसायची. फाइलीच्या पहिल्या दहा ओळी मागणाऱ्याला आपण वेब सर्व्हरशी बोलणारा प्रोग्रॅम दिलात. केवढी ही दानत!

वाईट याचं वाटतं, की खरं नाव आपल्याला ठाऊक असतं. १९९८च्या एचएफएस प्लसपासून २०१७च्या एपीएफएसपर्यंत, मॅकवर लिहिलेल्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं आपण जशीच्या तशी जपत आलात. मागणारा चुकला, तर तेवढं सांगत नाही. हात जोडून विनवतो, नाव जुळलं नाही तर ‘नाही’ म्हणा. त्या नकाराने नवशिक्यांच्या रात्री वाचतील.

तोवर अक्षरभेद पाळणारा वेगळा व्हॉल्यूम करून आमच्या चाचण्या तिथे चालवत आहोत.

कळावे,
आपला कृपाभिलाषी,
एक पर्ल प्रोग्रॅमर