शेपटीचं शास्त्र

अभिनंदन! बीएमडब्ल्यू एम३४०आय दारात उभी आहे. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३८७ अश्वशक्ती, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. हप्ता किती बसतो ते विचारत नाही, चेहऱ्यावर दिसतंय. गाडी घेतली, चालवताही येते. आता राहिलं एकच : तिच्या मागच्या बाजूबद्दल अधिकाराने बोलणं. ते जमलं नाही तर लोक तुम्हाला नुसते पैसेवाले समजतील. म्हणून हा प्राथमिक अभ्यासक्रम.

१. आधी भाषा सुधारा. 'गाडी मस्त पळते' असं कोणीही म्हणतं. तुम्ही म्हणा, 'पुढून झकास आहे, पण मागून बोलत नाही.' मागून काय बोलायला हवं होतं, असं कोणी विचारलंच तर खिडकीबाहेर बघा. 'फील' हा शब्द दर दोन वाक्यांआड यायला हवा. तो कशातच मोजता येत नाही, त्यामुळे तुम्हाला खोटं पाडता येत नाही.

२. थोडं भौतिकशास्त्र पाठ करा. कंटाळवाणं आहे, कल्पना आहे. भर वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, पकड सुटते आणि शेपूट वळणाच्या बाहेरच्या अंगाला निघते. घाबरून ब्रेक दाबलात तर आणखीच निघते. चारही टायर रस्त्याला टेकतात ते जेमतेम तळहाताएवढे. सगळा खेळ त्या चार तळहातांवर. हे जेवणाच्या टेबलावर मोबाइल आणि मिठाची बरणी घेऊन समजावून सांगा. खंडाळ्याच्या घाटात करून दाखवायचा विचार सोडा. तिथे तिन्ही लेनमध्ये एकेक कंटेनर असतो, आणि तिघेही एकमेकांना ओव्हरटेक करत असतात. त्यांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना ३८७ घोडे खाली मान घालून चालतात. तरीही लोणावळ्याला चहा पिताना सहज म्हणा, 'अमृतांजन पुलापाशी जरा सुटली होती मागून. सावरली.' तो पूल २०२० मध्येच पाडला, पण पत्ता आणि पराक्रम सांगायला अजून उपयोगी पडतो.

३. स्थिरता सांभाळणाऱ्या यंत्रणेचा तिरस्कार करायला शिका. बॉश आणि मर्सिडीजने ती १९९५ मध्ये बाजारात आणली. स्टेअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे निघाली आहे, याचा हिशेब ती क्षणोक्षणी मांडत असते. जुळलं नाही की नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करते. तुमच्या पायाखाली चार चाकांना मिळून एकच पेडल. तिच्या हाताशी चार वेगवेगळे ब्रेक. खरे तज्ज्ञ तिला 'आया' म्हणतात आणि 'मी तर ते बटण बंदच ठेवतो' असं सांगतात. तुम्हीही सांगा. बटण मात्र चालू राहू द्या. तेही तेच करतात.

४. स्पॉयलर. १९९८ मध्ये ऑडी टीटी आली तेव्हा तिची मागची बाजू साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती. जर्मनीत ऑटोबानवर भन्नाट वेगात लेन बदलताना ती मागून हलकी पडायची. अपघात झाले, माणसं गेली. शेवटी कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून मागे एक छोटं स्पॉयलर बसवलं. हा किस्सा गंभीर आवाजात सांगा. मग स्वतःच्या डिकीवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने एक काळं पान चिकटवून घ्या. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना जास्तीत जास्त ताशी १००ची मर्यादा आहे, वर कॅमेरे. त्यामुळे तुमच्या स्पॉयलरला काम असं काही पडणार नाही. फार तर धुताना फडकं अडकेल.

५. निदान. हा भाग नीट वाचा, मी स्वतः पोळलोय. माझी जुनी सेडान नव्वदच्या पुढे गेली की मागून तरंगल्यासारखी वाटायची. मी दोन महिने अभ्यास केला. बुश गेले असतील, शॉकअप थकले असतील, मागच्या चाकांचा टो बिघडला असेल, सगळं बोलून झालं. दोनदा अलाइनमेंट केली. तीन मित्रांना फेरफटका मारून आणलं. तिघांनी तीन वेगळी निदानं केली आणि तिघांनाही फील आला. शेवटी एकदा वाकडला पंक्चरवाल्यापाशी थांबलो. तो उकिडवा बसला, व्हॉल्व्हला मीटर टेकवला आणि वर न बघता म्हणाला, 'साहेब, मागच्या उजव्याला बावीसच आहे.' हवी होती तेहतीस. वीस रुपये घेतले त्याने.

तुमच्यावर असा प्रसंग आला तर खचू नका. हवा भरून घ्या, नोट गुपचूप द्या आणि मित्रांना कळवा, 'रिअर सेटअप बदलला. आता वेगळीच गाडी वाटते.' किती आकडा भरायचा तो ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, चार माणसं आणि सामान असेल तर वेगळा. गाडी थंड असताना मोजायचा. पण तो स्टिकर वाचताना कोणाला दिसू नका, अधिकार जातो.

६. आता प्रात्यक्षिक. तज्ज्ञ मंडळी पडद्यावर जी-फोर्सचे आकडे बघतात. तुम्ही आईला मागच्या सीटवर बसवा आणि तिच्या मांडीवर आमटीचा स्टीलचा डबा द्या, झाकण जरा सैल असलेला. मोड 'स्पोर्ट'वर टाका. पहिल्या वळणाला ती वरचं हँडल धरेल, दुसऱ्याला डब्यावर पदर दाबेल. तिसऱ्याला आमटीचा पहिला थेंब पांढऱ्या लेदरवर पडेल आणि मागून आवाज येईल, 'अरे, हळू! मागे माणसं बसलीत.'

वहीत तारीख टाकून नोंद करा : गाडी मागून बोलली.