मामाच्या बाजूनं

गदिमांच्या त्या झुकझुकगाडीच्या गाण्यानं महाराष्ट्रातल्या समस्त मामांचं जेवढं नुकसान केलं, तेवढं दुष्काळानंही केलं नसेल. गाणं सगळं भाच्यांच्या बाजूनं. त्या मामाच्या गावाला टँकर येतो का, त्याच्या विहिरीवरची मोटर जळालीय का, मामीनं नेमका त्याच आठवड्यात कुरडयांचा चीक शिजवायला घेतलाय का, याची चौकशी त्यात कुठंही नाही. आणि मी पडलो पहिली-दुसरीचा शिक्षक. हे गाणं मी शेकडो पोरांकडून टाळ्या वाजवत म्हणून घेतलंय. म्हणजे धोंडाही माझा आणि पायही माझाच.

माझी महत्त्वाकांक्षा तशी लहान आहे. जूनमध्ये शाळा उघडली की सुट्टीवर निबंध लिहायला सांगतात. त्यात भाच्यांनी माझं नाव घालावं, एवढंच. मधल्या बहिणीच्या पोरांचं ठीक आहे, ती पुण्यात राहतात आणि त्यांना सुट्टीत जायला दुसरं ठिकाण नाही. पण धाकटी ठाण्याला, आणि तिच्या सासरकडचे काका गुहागरला. त्या गृहस्थांच्या मागल्या दारी समुद्र आहे. आमच्या करमाडला पुढल्या दारी जालना रोड आहे. काकांकडं डॉल्फिन दिसतात. माझ्याकडं शेंद्रा एमआयडीसीच्या पाळीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या दिसतात. ही स्पर्धा बरोबरीची नाही हे मला कळतं, पण मामानं हार मानायची नसते.

म्हणून दरवर्षी एप्रिल सरता सरता मी अस्सल होऊ लागतो. एरवी मोटारसायकलवर शाळेत जाणारा, पँटशर्टमधला माणूस. मे उजाडला की पांढरा लेंगा, टोपी, आवाजात थोडा खर्ज. यंदा भाचे येण्याच्या दिवशी मी बैलगाडी ठरवली होती. गावात बैलजोड्या उरल्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ज्याच्याकडं आहे, त्याला त्या दुर्मिळतेची किंमत बरोबर ठाऊक आहे. त्यानं ट्रॅक्टरच्या वर भाडं सांगितलं. वर, "गुरुजी, फोटो काढायचा आसंल तर झूल घालू का? तिचे वेगळे," असंही विचारलं. झूल घातली. पोरं पाच मिनिटं बसली. तेवढ्यात टँकर आला आणि सगळी गाडीतून उड्या टाकून टँकरच्या शिडीवर. त्या दिवसाचा जो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गाजला, त्यात टँकर आहे, पोरं आहेत, टँकरवाला छाती काढून उभा आहे. मागं झूल घातलेले दोन बैल आणि मी, जरा धूसर.

आता कूलरबद्दल. कूलरबद्दल मी थोडक्यात सांगू शकत नाही, त्यामुळं ज्यांना घाई आहे त्यांनी पुढं जावं.

पुण्या-मुंबईच्या माणसाला मराठवाड्याचा कूलर कळत नाही. त्याला वाटतं, हा गरिबाचा एसी. तसं नाही. एसी हे यंत्र आहे. कूलर हा घरातला माणूस आहे. त्याला वेळेवर पाणी लागतं, त्याचं पोट साफ ठेवावं लागतं, त्याचा पंप रुसतो, आणि दुर्लक्ष झालं तर त्याच्या अंगाला वास येतो. आमचा कूलर पत्र्याचा, खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर बसवलेला. दरवर्षी मी त्याला नवं गवत भरतो. वाळा मिळाला तर उत्तमच, पण त्याचा भाव ऐकून आपण गवतावर येतो. मग आतून गंज खरवडायचा, रंगाचा हात द्यायचा, पंपाच्या तोंडाशी जुन्या बनियनची चिंधी बांधायची. ही चिंधी कंपनी देत नाही. ती अनुभवानं येते.

पुन्हा त्याच्यामागं शास्त्र आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा गार होते. पण हवा मुळात कोरडी हवी. मे महिन्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी, की धुतलेलं धोतर पिळेपर्यंत वाळतं. म्हणून कूलर करमाडला गातो आणि ठाण्याला नुसता घाम वाढवतो. हे मी भाच्यांना खडू-फळ्यासकट समजावून सांगितलं. वाक्याच्या शेवटी मी मुद्दाम म्हणालो, "बघा, समुद्राकाठी हे सुख नाही." टोला गुहागरला होता. मधलीचा सातवीतला मुलगा विचारात पडला. मला वाटलं, विज्ञानाची ज्योत पेटली. तो म्हणाला, "मामा, पण हा पाणी किती पितो?" मी अभिमानानं सांगितलं, दिवसरात्र चालला तर आठ-दहा बादल्या सहज. "आणि आपण टँकरचं पाणी वापरतो ना? आजी मला अंघोळीला एकच बादली देते." आई दारात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "इचार त्याला. लेकराला एक अन् त्या डब्याला दहा, हा कुठला न्याव?" पैठणचा नाथसागर जलाशय भरलेला असताना आमच्या दाराशी टँकर का उभा राहतो, हा प्रश्न सरकारला पन्नास वर्षं सुटलेला नाही; तो त्या दिवशी माझ्यावर येऊन पडला.

कूलरसमोर कोण झोपणार, याची उतरंड ठरलेली आहे. थेट झोतात जावई. त्यांच्या पायाशी पोरं. मग बहिणी, आई भिंतीकडेला, कारण तिला 'गार वारं सोसत नाही' असं ती सांगते. (मी शाळेतून दुपारी अचानक घरी आलो, तेव्हा ती कूलरला नाक लावून झोपलेली पाहिली आहे. आम्ही दोघांनीही तो विषय काढलेला नाही.) सगळ्यात शेवटी मी, दाराशी. पण खरा मुद्दा आवाजाचा आहे. पत्र्याच्या कूलरची घरघर अशी, की शेजारच्या अंथरुणावरच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. संसारातलं एखादं गुपित बोलायचं, तर कूलर बंद करायला हवा. आणि कूलर बंद झाला की सगळं घर टक्क जागं होतं. म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडं नवरा-बायकोत गुपित टिकत नाही. याचा पुरावा पुढं येईल.

त्याआधी रूळ. पोरांना गाडी बघायची होती. करमाडला स्टेशन आहे, निजामाच्या काळातल्या मनमाड-सिकंदराबाद लाइनवरचं. बहुतेक एक्स्प्रेस गाड्या आमच्याकडं मान वळवूनही बघत नाहीत, पण पोरांना थांबणारी गाडी नकोच असते, धावणारी हवी असते. "रुळावरून चालत जाऊ," धाकटीची पोरगी म्हणाली. मी नको म्हणालो, जरा जास्तच जोरात. मे महिन्यात करमाडचा माणूस रुळावर पोरं नेत नाही. जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातले मजूर 8 मे 2020 च्या पहाटे इथं शिवारात थकून रुळावर झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. टाळेबंदी होती, गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं होतं. भुसावळहून घरची गाडी मिळेल म्हणून निघाले होते. रुळावर सांडलेल्या त्यांच्या भाकरी साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिल्या. तेव्हापासून परगावी कुणी "करमाड म्हणजे ते का?" असं विचारलं, की मी हो म्हणतो आणि विषय बदलतो. त्या उन्हाळ्यात आमच्याकडंही कुणी आलं नव्हतं. आईनं आढी घातली होती, आंबे गावात वाटले. पोरांना मी स्टेशनच्या फलाटावरून गाडी दाखवली. हात धरून.

हल्ली रेल्वेनं तसंही कुणी येत नाही. पूर्वी धाकटी रात्रभराची देवगिरी एक्स्प्रेस पकडून जिल्ह्याच्या गावी उतरायची, तिथून एसटीनं करमाड. इतकी हाडं खिळखिळी करून आलेली बाई मग महिनाभर हलायची नाही. आता समृद्धी महामार्ग. जून 2025 मध्ये इगतपुरीपासून मुंबईकडचा तुकडाही खुला झाला आणि 701 किलोमीटरचा अख्खा रस्ता वाहू लागला. धाकटी सकाळी ठाण्यात चहा पिऊन निघते, जेवायला इथं. आम्ही सगळ्यांनी रस्त्याचं कौतुक केलं. मग कळलं, ज्या रस्त्यानं माणूस लवकर येतं, त्याच रस्त्यानं लवकर जातंही. "सोमवारी ऑफिस आहे रे दादा, इथून तर निघालं की पोहोचलंच." आईला त्या रस्त्याचं नाव घेतलेलं आवडत नाही.

तर, गुपित.

आमच्या पट्ट्यात उद्योगांसाठी जमिनी गेल्या, तसे राहिलेल्या जमिनींचे भाव चढले. भाव चढले की भावांना बहिणी आठवतात. उन्हाळ्यात लेकीबाळी माहेरी आल्या, की तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी दिसते: साडी-चोळी झाली, पुरणपोळी झाली, आता एक सही. हक्कसोडपत्र. बहिणीही करतात, कारण सही दिली नाही तर पुढच्या वर्षी पुरणपोळी कुठली? मी तसलं काही केलेलं नाही. वडील गेल्यावर वारसनोंद केली, तेव्हा सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि दोघींचं नाव लावून घेतलं. चहाच्या टपरीवर लोक म्हणतात, गुरुजींचं मन मोठं. मी "चालायचंच" असं म्हणतो आणि ते ऐकायला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टपरीवर जातो.

त्या रात्री बायकोनं कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून मला विचारलं, "शेजारचे विचारत होते, नणंदांच्या सह्या कधी घेता म्हणून?" वाक्य 'नणंदांच्या'पर्यंत आलं आणि वीज गेली. उरलेलं 'सह्या कधी घेता' हे भयाण शांततेत, चढलेल्या आवाजात, ओसरीपर्यंत गेलं. जावयांनी कूस बदलली. पोरं उठून बसली. अंधारातून मधलीचा आवाज आला, "कसल्या सह्या रे दादा?"

मी घाईघाईनं खुलासा केला. लोक काय काय बोलतात, मी कसं ऐकलं नाही, तुमची नावं कशी तशीच ठेवली. अंधारात मला माझाच आवाज ऐकू येत होता. वर्गात बक्षीस जाहीर करतो, तो माझा आवाज. दोघी गप्प होत्या. मग धाकटी म्हणाली, "उपकारच म्हणायचे," आणि हसली. मीही हसलो. पण ती हसली ते आणि मी हसलो ते, वेगळं होतं.

वीज पहाटेपर्यंत आली नाही, त्यामुळं विचार करायला भरपूर वेळ मिळाला. महाराष्ट्रानं 1994 मध्ये वडिलोपार्जित जमिनीत मुलींना वाटा दिला, तो अविवाहित मुलींना. 2005 मध्ये देशभर कायदा बदलला आणि लग्न झालेल्या-न झालेल्या साऱ्या मुली मुलांच्या बरोबरीनं आल्या. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानं आहे. कायदा बदलला त्या दिवशी बाप हयात होता की नव्हता, याच्याशी त्याचा संबंध नाही. संसदेनं आणि सर्वोच्च न्यायालयानं मिळून जे बहिणीचं ठरवलं, ते मी तिच्याजवळ राहू दिलं. यात माझं मन नेमकं कुठं मोठं झालं, हे मला दिवा येईपर्यंत सापडलं नाही. शिवाय आंबे ज्या बांधावरच्या झाडाचे, त्या बांधात तिचा चौथा हिस्सा. म्हणजे मी तिचाच आमरस तिला वाढतो आणि 'पोटभर खा गं' म्हणतो.

दुसऱ्या दिवशी पोरं आढीभोवती बसली होती. आढीतला आंबा दाबून बघू नये, देठाशी वास घेऊन ओळखावा, हे मी शिकवत होतो आणि ती सगळे आंबे दाबत होती. धाकटीच्या पोरीनं विचारलं, "मामा, आई लहानपणी इथंच राहायची?"

"इथंच की."

"मग तिची खोली कुठंय?"

ज्या खोलीत दोघी बहिणी अभ्यास करायच्या, तिथं आता खताची पोती, फवारणीचा पंप आणि माझी सेवापुस्तिकेची ट्रंक आहे. मी धाकटीकडं बघितलं. ती म्हणाली, "मामालाच विचार." पोरीनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "खोली आहे, जरा सामान आहे तिच्यात." दुपारी मी पोती गोठ्यात हलवली. बायको म्हणाली, दोन दिवसांसाठी कशाला? मी म्हणालो, राहू दे. पोतं उचलताना कमरेत उसण भरली आणि उरलेली सुट्टी मी कूलरसमोर, थेट झोतात, जावयांच्या जागी झोपून काढली. निबंधात माझं नाव येईलच, कशासाठी ते मात्र सांगता येत नाही.

जाताना मी आंब्यांचे खोके भरायला घेतले, तर आई म्हणाली, त्यांचे त्यांना घेऊ दे. धाकटी बसली आढीशी आणि अर्ध्याहून जास्त घेऊन गेली. वास घेऊन, एकही न दाबता.

मामालोकहो, तुमच्याकडच्या बहिणी एव्हाना परत गेल्या असतील. आता निवांत आहात, तर तेवढा सातबारा काढून बघा, त्यावर किती नावं आहेत ते. तलाठ्याकडं जायचीही गरज नाही. डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या 15 रुपयांत मिळतो.