शिक्षणाचा हमीभाव

केंद्रीय कृषिमंत्री काय करतात, हे देवास जिल्ह्यातल्या कन्नौदच्या मंडीत कोणीही सांगेल. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल; बाजार त्याखाली घसरला की दिल्लीच्या नावाने शिमगा करायला मोकळे. त्यात कन्नौद विदिशा लोकसभा मतदारसंघात, आणि तिथले खासदार शिवराजसिंह चौहान म्हणजे खुद्द कृषिमंत्री. शिमगा कोणाच्या दारात करायचा, तेही ठरलेलं. पण केंद्रीय शिक्षणमंत्री काय करतात असं विचारा. ट्रॉलीवर बसलेला माणूस मागे वळून बघतो, आपल्यालाच विचारलं का म्हणून.

एकेकाळी त्यांचं एक काम सर्वांना ठाऊक होतं. केंद्रीय विद्यालयात नातवाची वर्णी लावायची, तर मंत्र्यांच्या कोट्यातली चिठ्ठी चाले. खासदारांकडेही दरसाल 10 जागा असत. 2021 मध्ये मंत्र्यांचा कोटा गेला, 2022 मध्ये खासदारांचा. कारभार सुधारला हे खरं, पण जनतेचं या खात्याशी असलेलं एकुलतं एक नातंही तुटलं.

म्हणून साहेब रिकामे बसतात असं नाही. पहिलं काम पाटी बदलण्याचं. शिक्षण मंत्रालयाचं 1985 मध्ये मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं आणि 2020 मध्ये पुन्हा शिक्षण मंत्रालय. दोन्ही खेपेला रंगाऱ्याने काम चोख केलं. दुसरं काम, आधीच्याने लिहिलेलं पुसण्याचं. कपिल सिब्बल यांनी सीबीएसईची दहावीची बोर्ड परीक्षा ऐच्छिक केली. पुण्याचे प्रकाश जावडेकर आले आणि 2018 पासून ती पुन्हा सक्तीची झाली. तिसरं काम, नैतिक जबाबदारी घेण्याचं. 2024 च्या नीटमध्ये आधी 67 जणांना 720 पैकी 720 गुण मिळाले, मग यूजीसी-नेट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द झाली. धर्मेंद्र प्रधान यांनी नैतिक जबाबदारी घेतली. पद मात्र या परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या महासंचालकांचं गेलं. परीक्षेला घाबरू नका, हे मुलांना सांगण्याचं काम तेवढं 2018 पासून पंतप्रधानांनी स्वतःकडे ठेवलं आहे.

राहिलं शिकवणं. ते मास्तरांचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाप्रमाणे मास्तरांना शाळेबाहेरच्या कामाला जुंपता येत नाही. अपवाद फक्त तीन: जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. निवडणूक म्हणजे नगर परिषदेपासून संसदेपर्यंतची प्रत्येक. त्यामुळे फळ्यावर परवाची तारीख, टेबलावर निवडणुकीच्या कामाचा आदेश आणि तिसरीतली पोरगी पहिलीच्या पोरांकडून बेचा पाढा घोकून घेते आहे, असा वर्ग दिसला तर कायदा मोडला असं समजू नका. कायदा पाळला जातो आहे.

शिक्षणालाही हमीभाव आहे बरं का. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के. 1966 मध्ये कोठारी आयोगाने तो सुचवला. 1968 च्या धोरणात आला, 1986 च्या धोरणात आला, 2020 च्या धोरणातही आला. एकच भाव इतक्या वेळा जाहीर होणं सोयाबीनच्याही नशिबी नाही. खरेदी केंद्र उघडायचं तेवढं राहिलं आहे. पैशाची चणचण म्हणावी, तर नोटा छापण्याचा कारखाना आमच्याच देवासात. 2020 च्या धोरणाने खरेदीची मुदतही दिली आहे: शक्य तितक्या लवकर.

तेव्हा कन्नौदकरांनो, पुढच्या खेपेला मत मागायला कोणी आलं, तर सोयाबीनचा भाव जरूर विचारा. जोडीला एवढंच विचारा, की गावच्या शाळेत मास्तर किती आणि त्यातले आज वर्गात किती. पाचवी-आठवीच्या मुलांना नापास करण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने सरकारांना मिळाली आहे. मत मागायला येणाऱ्यांना नापास करण्याची मुभा तुमच्याकडे पहिल्यापासून आहे. उत्तर आलं नाही, तर उगाच वरच्या वर्गात ढकलू नका.