दृष्टीचं मीठ

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियमचे तुकडे रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेले असत, पाकात मुरणाऱ्या फोडींसारखे. सर त्यातला एक चिमट्याने काढून टिपकागदावर ठेवत आणि सुरीने कापत. धातू म्हणजे लोखंड अशी आमची समजूत. हा तर खरवसासारखा कापला जाई. कापलेली बाजू चांदीसारखी लखलखे आणि बघता बघता काळवंडे, दिवाळीचा नवा सदरा दुपारच्या आत मळवणाऱ्या पोरासारखी. मग मुगाएवढा तुकडा पाण्यात पडे. तो बुडायचं नाव घेत नसे. वितळून त्याची गोळी होई आणि ती सूं सूं करत परातभर धावत सुटे. फिनॉल्फथॅलीन घातलेलं पाणी तिच्या मागोमाग गुलाबी होत जाई.

एवढा आकांत एका इलेक्ट्रॉनपायी! बाहेरच्या कक्षेत एकच, आणि तोही कुणाच्या तरी पदरात टाकायची घाई. पोटॅशियम तर याहून उतावळा. १८०७ साली हम्फ्री डेव्हीने वीज वापरून तो पहिल्यांदा मोकळा केला, तेव्हा म्हणे तो प्रयोगशाळेत आनंदाने नाचला. डेव्ही, पोटॅशियम नाचतोच. क्लोरीनचं दुखणं उलटं. पदरी सात असून आठव्यावर डोळा. १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रजवळ हाच हिरवट वायू सैनिकांवर सोडला होता, हे आठवलं की थट्टा ओठांवरच थांबते. आणि याच्या घराण्याचं नाव हॅलोजन, म्हणजे मीठ करणारे!

आजी खड्याचं मीठ आणि मोहऱ्या मुठीत घेऊन माझ्यावरून उतरवायची आणि चुलीत टाकायची. तडतडलं की म्हणायची, "बघ, केवढी लागली होती!" अकरावीत गेल्यावर मी तिला शहाणपणाने सांगितलं, की खड्यात अडकलेलं पाणी तापून फुटतं, म्हणून मीठ तडतडतं. ती शांतपणे म्हणाली, "अडकलेलं होतं ना? मग सुटलं."

आता घरात चूल नाही, आजीही नाही. कधी आमटी उतू जाते आणि गॅसची निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते. मिठातल्या सोडियमला त्या धगीत आपला देऊन टाकलेला इलेक्ट्रॉन क्षणभर परत मिळतो, आणि तो उजळतो. मी लगेच गॅस बारीक करत नाही.