टीव्हीशेजारची भट्टी

जालन्यात लोखंडाच्या भट्ट्यांना किती वीज लागते, यावर चौकाचौकात बोललं जातं. टीव्हीशेजारी चोवीस तास घुमणाऱ्या मीडिया सर्व्हरच्या खोक्याला किती लागते, हे मात्र कुणी विचारत नाही.

काम तसं साधं. सिनेमे आणि ताईच्या लग्नाचं शूटिंग एका जागी ठेवून घरभर दाखवायचं. त्यासाठी हौशी मालक गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि रंगीत दिव्यांचे पंखे आणतो. हे खोकं सरासरी १०० वॅट खात बसलं, तर महिन्याला ७२ युनिट होतात. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांनंतर वरच्या टप्प्यात जातो. बाकी घराच्या वापरात हे युनिट मिसळले, की दिव्यांचा प्रकाश नेमका त्या टप्प्यापर्यंत पोचतो.

याच कामाला पुरणारा इंटेलचा २०२३ सालचा एन१०० प्रोसेसर ६ वॅटचा आहे. चालता चालता व्हिडिओचा फॉरमॅट बदलण्याची सोय त्यातच असते. अनेकदा तिचीही गरज नसते, कारण टीव्ही फाइल जशीच्या तशी चालवतो. मग सर्व्हरला फक्त फाइल पोचवायची असते, आणि ती हमाली जुना लॅपटॉपही करतो. शिवाय वीज गेली तर त्याची बॅटरी असतेच. पण पाहुण्यांना जुना लॅपटॉप कसा दाखवणार?

मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. बहुतेक घरगुती हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंश. मालक खोकं शोकेसमध्ये ठेवतो, धूळ नको म्हणून काच ओढून घेतो, वर क्रोशाचा रुमाल. लग्नाच्या शूटिंगची दुसरी प्रत? त्यासाठीच्या डिस्कचे पैसे दिव्यांच्या पंख्यांत गेले.