नदी डाव्या हाताला ठेवा

पुण्यात नदीकाठाने सायकल चालवायची तर आधी नदी सापडावी लागते. आमच्या ग्रुपच्या कॅप्टनला हे मान्य नव्हतं. त्याने शनिवारी रात्री सूचना धाडली : ‘खडकवासला धरण ते बंडगार्डन. रस्ता चुकायचा प्रश्नच नाही. नदी डाव्या हाताला ठेवा आणि मारत राहा पॅडल.’ सूचनेखाली बावीस अंगठे उमटले. पहाटे माणसं आली नऊ. अंगठ्यांना थंडी वाजत नाही.

कॅप्टन आयटीतला. त्याची सायकल त्याच्या पहिल्या मोटारसायकलपेक्षा महाग आहे आणि इतकी हलकी की तो ती दोन बोटांनी उचलून दाखवतो. कोणी मागितलं नाही तरी दाखवतो. दुसऱ्या टोकाला आमचे काका. बँकेतून निवृत्त, बसायला काळी बावीस इंची, तिला मडगार्ड, कॅरिअर, डायनॅमो, घंटी, सगळा संसार. पूर्वी सायकलीला नगरपालिकेचा पितळी बिल्ला लागायचा; काकांनी तो अजून लावून ठेवला आहे. न जाणो, परत सुरू केला तर!

धरणावर पोचलो तेव्हा उजाडत होतं. पाण्यावर धुकं, धुक्यात पाणकावळे, आणि कठड्याला टेकून आमचे फोटो. कॅप्टन म्हणाला, “चला, उगमापासून सुरुवात.”

“उगम कसला?” काका खेकसले. “मुठा वर सह्याद्रीतून येते, टेमघरवरून. मोसेवर वरसगाव, आंबीवर पानशेत, ती तिन्ही पाणी इथे अडवलीत. आणि हे धरणही आजकालचं नाही, 1879 सालचं आहे. विश्वेश्वरय्यांनी आपली स्वयंचलित दारं पहिल्यांदा इथे बसवली, 1903 साली.”

पाणी वाढलं की आपोआप उघडणारं दार सव्वाशे वर्षांपूर्वी इथे होतं, आणि आमच्या सोसायटीच्या टाकीचा फ्लोट आजही हाताने हलवावा लागतो, हे मी मनातल्या मनात नोंदवून ठेवलं.

भिंतीच्या वरच्या अंगाला पाणीच पाणी. खालच्या अंगाला खडक, आणि खडकांत कुठेकुठे डबकी. कॅप्टन बराच वेळ वर आणि खाली बघत राहिला.

“काका, मग पाणी जातं कुठे?”

“तुझ्या घरी. थोडं कालव्याने दौंड-इंदापूरला शेतीला, थोडं नळाने शहरात. तुम्ही आंघोळी उरकता, भांडी घासता, गाड्या धुता. मग ते नदीत उतरतं. आपण आता ज्या नदीकाठाने जाणार आहोत ना, ती आपल्याच मोरीतून निघते.”

यानंतर पहिले दोन-तीन किलोमीटर कोणी फारसं बोललं नाही.

सिंहगड रस्त्यावर नदी डाव्या हाताला असते हे भूगोलाच्या दृष्टीने बरोबर आहे. डोळ्यांच्या दृष्टीने डाव्या हाताला फर्निचरची दुकानं, दोन मिसळवाले, टाइल्सची गोदामं आणि सोसायट्या असतात. एका सोसायटीच्या तर नावातच नदी होती. कॅप्टनने आशेने वॉचमनला विचारलं, “मामा, नदी दिसते का हो इथून?”

“मागं असंल,” वॉचमन बिडी विझवत म्हणाला. “वास येतोय का बघा.”

त्या दिवशी मिळालेली ही सगळ्यात उपयुक्त सूचना. पुढे आम्ही नकाशा बंद केला आणि नाकाने गेलो.

विठ्ठलवाडीला आमच्यातल्या डॉक्टरबाईंची सायकल पंक्चर झाली. टपरीवाल्याने टायर सोडवलं, ट्यूब ओढून काढली, हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात इंच इंच बुडवत गेला. आम्ही त्या घमेल्याभोवती वाकून उभे. बुडबुड्यांची सर उठली तशी त्याने काडी खोचून जागा धरली, कानसेने घासली, सोल्युशन लावून त्यावर फुंकर मारली, ठिगळ बसवून हातोडीने ठोकलं. घमेल्याचा तळ स्वच्छ दिसत होता. “पाणी कुठलं हो हे?” डॉक्टरबाईंनी विचारलं. “नळाचं. नदीचं घेतलं तर बुडबुडा दिसायचा न्हाई, म्याडम.”

तेवढ्यात काका विठोबाचं दर्शन घेऊन आले. या देवळाला प्रतिपंढरपूर म्हणतात. आषाढीला ज्यांना वारी जमत नाही ते इथे रांग लावतात. काकांनी कपाळावरचा बुक्का पुसत हिशेब मांडला : मुठेला मुळा मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीवरून पंढरपूरला जाते आणि तिथे चंद्रभागा होते. “म्हणजे आपण काही वारी चुकवत नाही,” काका म्हणाले. “आपली मोरी दरवर्षी जाऊन येते.”

राजाराम पूल ओलांडला आणि कॅप्टनची सूचना कोसळली, कारण नदी उजव्या हाताला आली. इथून म्हात्रे पुलापर्यंत काठाला मंगल कार्यालयांची आणि लॉन्सची रांगच आहे. लग्नसराईचा रविवार. एका कमानीपाशी उभ्या मुलींनी हेल्मेटवाल्यांची ही वरात बघून आमच्यावरही गुलाबपाणी शिंपडलं आणि हातावर पेढे ठेवले. कोणत्या पक्षाकडचे, हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही. गुलाबपाण्याचा तोटा एवढाच की पुढची दहा मिनिटं नदी सापडेना.

म्हात्रे पुलानंतर मात्र आम्ही थेट पात्रातल्याच रस्त्याला लागलो. पुणेकराने नदीवर उपकार म्हणून तिच्या कुशीत रस्ता केला, पार्किंग केलं, आता डोक्यावरून मेट्रोही नेली. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की नदी येऊन आपली जागा मोजून जाते. भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी छापून येते, आणि लोक ती नदी बघायला छत्र्या घेऊन जमतात. एरवीचं वर्षभर झेड पुलावर बसणारी जोडपीसुद्धा नदीकडे पाठच करून असतात. त्यांचा तरी दोष काय!

इथे काकांनी सायकल स्टँडवर लावली. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदी पेठांत शिरली. काका तेव्हा सहा वर्षांचे. आईने काखोटीला मारून पर्वतीच्या दिशेने धूम ठोकली, एवढंच त्यांना खरं आठवतं. बाकीचं नंतर ऐकलेलं, पण सांगताना ते हा भेद करत नाहीत, आणि आम्हीही कधी काढत नाही. वाड्याच्या भिंतीवरची पाण्याची खूण त्यांनी हात उंचावून दाखवली. टाचाही उचलल्या, तरी हात पोचेना.

ओंकारेश्वर मागे टाकलं, संगमावर मुळा येऊन मिळाली. तिथल्या हिरव्यागार पात्राकडे बघून डॉक्टरबाईंचा भाचा “वा, काय लॉन आहे!” म्हणाला. ती जलपर्णी होती. बंडगार्डनच्या जुन्या दगडी पुलावर आता वाहनांना बंदी आहे, त्यामुळे तिथे प्रथमच आम्ही नदीकडे तोंड करून निवांत उभे राहिलो आणि डबे उघडले. कॅप्टनने ॲपवर राईडचा नकाशा दाखवला. आमची लाल रेघ, आणि तिच्या शेजारून वळणं घेत जाणारी नदी. ॲपमध्ये ती निळीशार होती.

पुढच्या रविवारची राईड खडकवासल्याच्या कालव्याकाठाने आहे. पाणी दिसेल याची हमी कॅप्टनने लेखी दिली आहे. येणाऱ्यांनी सहाच्या ठोक्याला हजर राहावं, ट्यूब आणि ठिगळं स्वतःची आणावीत, आणि उठणार नसाल तर कृपा करून अंगठाही उठवू नये.